गोळ्यांचा काला

लकडगंजात कुणाचं ब्लडप्रेशर मोजायचं तर आधी लाइट जावी लागे. दवाखान्याच्या भिंतीला लागूनच आरा मशीन. सकाळी एकदा ती सुरू झाली आणि सागाचे ओंडके चिरायला लागली की कानाला नळ्या लावून ठोके ऐकायची सोयच उरत नसे. म्हणून लाइट गेली रे गेली की आमचे डॉक्टरसाहेब आतून ओरडत, "पोरी, धाव! गेली!" आणि मी हातातला चहा तसाच ठेवून म्हाताऱ्यांच्या दंडांना पट्टा गुंडाळायला धावे. अख्खा मोहल्ला वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडत असे, आणि मी एकटी मनातल्या मनात त्यांना हात जोडत असे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा एम.डी. करत होते. आमच्या सरांकडे ब्लडप्रेशरच्या एका नव्या गोळीची चाचणी आली होती, आणि ती साठीच्या पुढच्या माणसांवरच करायची होती. सर पुण्याचे. "म्हातारे पेशंट जमवा" एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. जणू म्हातारे बर्डीच्या बाजारात ढिगानं विकायला बसतात! आमच्या हॉस्पिटलात जी वयस्कर माणसं येत ती चौघांच्या खांद्यावर येत. चालती-फिरती, कुरकुरती, सुनेच्या तक्रारी सांगणारी म्हातारी माणसं असतात ती घरच्या डॉक्टरकडे. म्हणून मी घरच्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवायला लागले. एकानं चहा पाजला आणि गोड हसून विचारलं, "माझे पेशंट पळवायला आलीस का?" दुसऱ्यानं तर चहाही पाजला नाही.

पेशंट नाहीत तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर परीक्षा नाही. इकडे वडिलांनी बजावून ठेवलं होतं की या खेपेला परीक्षा झाली तर झाली, नाहीतर सावनेरचं स्थळ. स्थळ काही वाईट नव्हतं. कापसाची जिनिंग होती, घरची जीप होती. पण मला जिनिंगशी संसार करायचा नव्हता, डॉक्टर व्हायचं होतं.

अशा रडव्या अवस्थेत मी लकडगंजात या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्याची पायरी पहिल्यांदा चढले. आत एक तरुण दुकानदार आपल्या आईला घेऊन बसला होता. डॉक्टरांनी म्हातारीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ पोराचं मनगट धरलं.

"तुले झोप येत नाई?"

"डॉक्टरसाहेब, पेशंट माय आहे."

"मायले काई झालं नाई. तू तिच्यावर रोज वरडून राहिला, म्हनून तिचं डोकं दुखून राहिलं. कर्ज काढलं का कोनाकडून?"

पोरगा मान खाली घालून बसला. म्हातारी मात्र खुशीत येऊन म्हणाली, "मी सांगतच होती!"

ही त्यांची पद्धतच होती. पेशंटच्या आधी पेशंटला आणणारा तपासायचा. "आजारी मानूस खोटं बोलत नाई, त्याले आननारा बोलते," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी ऐकवत, आणि ऐकवताना ज्याच्याकडे बघत त्याची पाचावर धारण बसे. गंमत म्हणजे दहापैकी चारदा त्यांचा अंदाज साफ चुकायचा. एका जावयाला त्यांनी दारू सोडायला लावली होती, आणि त्या बिचाऱ्यानं आयुष्यात ताकाशिवाय काही प्यालेलं नव्हतं. चूक दाखवली की म्हणत, "मंग सुरूच करणार नाई आता. फायदाच झाला ना?"

जुन्या मेडिकल स्कूलमधून शिकलेले, साठी कधीच ओलांडलेले. मे महिन्यातही काळा कोट, आणि उन्हाळा लागला की कोटाच्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा. दुसऱ्या खिशात स्टेथोस्कोप ठेवायचा हे त्यांना आयुष्यभर जमलं नाही. त्यामुळे उन्हाळ्यात त्यांनी छाती तपासली की पेशंटला घरी जाऊन आंघोळ करावी लागे. बायको वारलेली, मुलगा परदेशी. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे राहत आणि स्वतःच्या हातानं स्वयंपाक करत.

ब्लडप्रेशरच्या पेशंटकडे व्हिजिटला गेले की ते आधी स्वयंपाकघरात शिरत. वरणाच्या गंजाचं झाकण काढायचं, पळीभर वरण तळहातावर घ्यायचं आणि चाटायचं. मीठ जास्त लागलं की घरात हलकल्लोळ. लोणच्याची बरणी तर ते सरळ उचलूनच आणत. दवाखान्यात औषधांच्या कपाटावर जप्तीच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, कैरीचं, लिंबाचं, कवठाचं, ज्याचं त्याचं नाव चिकटवून. वत्सलाबाई म्हणून एक तोंडाळ म्हातारी होती. ती नेमानं येऊन आपल्या बरणीतलं लोणचं किती उतरलं ते बघून जाई. "डॉक्टर, खाऊन राहिले का गा?" असं सगळ्यांदेखत विचारी. डॉक्टर म्हणत, "तपासून राहिलो, वं."

माझं सगळं म्हणणं त्यांनी कोटाच्या खिशातला कांदा हातात फिरवत ऐकून घेतलं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे मलाही ठाऊक नाही आणि त्यांनाही ठाऊक नसणार. ते एकदम खुर्चीतून उठले.

"म्हनजे माह्या पेशंटले मी काय देऊन राहिलो हे मलेच माहीत नाई?"

"नाही."

"तुह्या सरले तरी?"

"त्यांनाही नाही."

"बाप्पा! इतके शिकले अन कोनालेच काई माहीत नाई!" म्हणून ते इतके हसले की आरा मशीन थोडा वेळ ऐकू आली नाही. मग म्हणाले, "माहे पेशंट देतो. पन दोन गोष्टी. मी त्यायले खरं सांगणार. अन पहिला बुढा मी. मलेबी प्रेशर आहे, मलेबी शिशी दे. मी खाल्ली नाई तर ते कायले खातीन?"

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पेशंटांना सगळं सांगायची काय गरज आहे? लोक घाबरतात." मी डॉक्टरांना तसा निरोप दिला. त्यांचं उत्तर आलं, "तुह्या सरले सांग, लकडगंजातला मानूस खरं सांगितलं तर घाबरते, पन येते. खोटं सांगितलं तर घाबरत नाई, अन येतबी नाई."

त्यांच्या पेशंटांपैकी बहुतेक म्हातारी मंडळी शेजारच्या विठोबाच्या देवळातल्या भजनी मंडळाची होती. मंडळाचे म्होरके मारोतराव. जन्मभर एका लाकूडवाल्याकडे मुनीम होते, आता पेटी वाजवत. आधी वयाचा घोळ निस्तरावा लागला. मारोतराव नोकरीच्या कागदावर साठीचे, पण बायकोच्या हिशेबानं सत्तरीचे. वत्सलाबाई पन्नाशीच्या पुढं सरकायलाच तयार नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, "वत्सला, तुह्या थोरलीची बाळंतपनं मी केली. तुह्या नातवाले टक्कल पडून राहिलं. तू पन्नासची, तर मी अजून रांगून राहिलो." तेव्हा कुठं ती साठ म्हणाली, तेही "असन बाई" म्हणून.

मग त्यांनी सगळ्यांना बाकावर बसवून सांगितलं. "आयका. अर्ध्यायले औषध, अर्ध्यायले पीठ. कोनाले काय, हे देवाले माहीत. ज्याले नोको, त्यानं उठून घरी जा. मी रागावणार नाई."

कुणी उठलं नाही. मारोतरावांनी फक्त विचारलं, "पीठ कायचं?"

"कायचं म्हनजे?"

"गव्हाचं का शिंगाड्याचं? परवा एकादशी आहे."

झालं! तासभर त्याच्यावर खल. गव्हाचं असेल तर उपास मोडतो, शिंगाड्याचं असेल तर चालतं, आणि औषध असेल तर प्रश्नच नाही. पण आहे काय हे कुणालाच ठाऊक नाही. मला सांगायची सोय नव्हती. खरं तर ते पीठही नव्हे, सर म्हणत त्याप्रमाणे कसलीशी दुधातली साखर होती. हे मी बोलून गेले, तर वत्सलाबाईंनी लगेच साखरेचा डायबिटीस काढला! शेवटी डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "खा बिनधास्त. उपास मोडला तर पाप माह्या नावावर." त्या वाक्यावर माझी चाचणी सुरू झाली. जगात दुसरी कुठलीही चाचणी अशी सुरू झाली असेल असं मला वाटत नाही.

पहिले काही आठवडे मी हवेतच होते. लाइट जायची, मी आकडे घ्यायचे. मात्र आकड्यांत कुठं काही फरक दिसेना. सगळ्यांचं सारखंच, थोडं थोडं उतरलेलं. सर म्हणाले, "विचित्र आहे." आणि प्रत्येकाला वाटत होतं की खरी गोळी आपल्यालाच आली. डॉक्टरही त्यातलेच. "मले खरीच आहे. डोकं कसं फुलावानी हलकं झालं," असं ते छाती पुढं काढून सांगत.

एके दिवशी मी वत्सलाबाईंची शिशी मागितली. रिकामी. अजून बरेच दिवस जायचे होते.

"आजी, गोळ्या संपवल्या?"

"नाई वं. रोज एकच खाऊन राहिली."

"मग बाकीच्या कुठं गेल्या?"

"डब्ब्यात आहेत ना. सगळ्यायच्या."

"कोणत्या डब्यात?"

तिनं मला हाताला धरून देवळात नेलं. विठोबाच्या पायाशी एक स्टीलचा डबा. आत सगळ्यांच्या शिश्या उपड्या करून ओतलेल्या पांढऱ्या गोळ्या, नीट मिसळलेल्या. रोज सकाळचं भजन झालं की मारोतराव डोळे मिटून प्रत्येकाच्या हातावर एक ठेवत.

"हे काय केलं तुम्ही?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"काला केला, मॅडम," मारोतराव शांतपणे म्हणाले. "एकाले औषध अन एकाले पीठ, हे देवाच्या दारात बरं नाई दिसत. सप्ताह संपला की आमी सगळ्यायच्या घरचं एकात कालवतो अन वाटून खातो. कोनाच्या घरी तूप असते, कोनाच्या घरी नुसत्या लाह्या. तसंच हे. आज पीठ आलं तर उद्या औषध येईन. कोनावर अन्याय नोको."

बाई गं! मला त्यांच्या पाया पडावं की डबा त्यांच्या डोक्यावर उपडा करावा हेच कळेना. धावत दवाखान्यात आले आणि डॉक्टरांना सांगितलं. ते पोट धरून हसायला लागले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माहीबी शिशी त्याच्यातच आहे. मारोतराव मागाले आला, म्हनला, डॉक्टर, तुमीबी मंडळाचेच. प्रसादाले नाई कसं म्हनू?"

"अहो, पण सगळ्यांनी सगळंच खाल्लं तर फरक कळणार कसा?"

"सगळ्यायले सारखं झालं ना? मंग वाईट काय झालं?"

"सारखं झालं हेच तर वाईट झालं!" म्हणून मी त्या बाकावर बसले आणि चक्क भोकाड पसरलं. परीक्षा गेली, डॉक्टरकी गेली, आता सावनेर, असं काहीबाही बडबडत होते. बाकावरचे दोन पेशंट आपापली दुखणी विसरून माझ्याकडे बघत बसले.

डॉक्टरांचं हसू थांबलं. ते कोट चढवून देवळात गेले आणि त्या दिवशी त्यांनी भजनी मंडळाला जे फैलावर घेतलं ते आरा मशीनच्या मालकानं मशीन बंद करून ऐकलं. स्वतःलाही त्यांनी सोडलं नाही. "मी त डॉक्टर आहे, मले तरी अक्कल पायजे होती!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता नीट आयका. दोन वावरं आहेत. एकात खत टाकलं, एकात नाई टाकलं. तवा कळते खताचा गुन. तुमी गाडीभर खत दोन्हीत पसरवून देल्लं. आता त्या पोरीनं काय पाहावं?"

वावर म्हटल्यावर सगळ्यांना एका क्षणात कळलं. बापजाद्यांची शेती पाहिलेली माणसं ती. मारोतरावांनी पेटीवरचा हात काढला. "म्हनजे ज्याले पीठ आलं, त्यानं पीठच खात राहाचं?"

"हाव. शेवटपर्यंत."

वत्सलाबाई म्हणाली, "पीठ त पीठ. जन्मभर दुसरं काय खाल्लं? पोरीचं होऊ दे."

सरांच्या हातापाया पडून मी नव्या शिश्या आणल्या. महिनाभर सगळं बंद ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी मंडळी इतकी कडक झाली की मला हसूही येईना. मारोतरावांनी शिशी ट्रंकेत ठेवून किल्ली करगोट्याला बांधली. त्यांची बायकोही चाचणीत होती, आणि नवराबायको गोळी घेताना एकमेकांकडे पाठ करून बसत. वत्सलाबाईंच्या धाकट्या नातवानं चुकून तिच्या शिशीला हात लावला, तर तिनं त्याला लाटण्यानं झोडपलं. आकडे आता वेगळे पडायला लागले. कुणाचे उतरत, कुणाचे हलत नसत. सर चष्मा न पुसता माझ्याशी बोलायला लागले.

आणि एक दिवस लाइट गेली, मी डॉक्टरांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा भलताच वर निघाला. पुन्हा घेतला. तेवढाच.

"तुले बरोबर आयकू आलं नाई," ते म्हणाले. "आरा चालू आहे."

"आरा बंद आहे, साहेब. लाइट गेली आहे."

"मंग तुह्या कानात चालू असन."

चार दिवसांनी पुन्हा घेतलं. आणखी वर. सरांचा नियम होता की एवढं गेलं की त्या पेशंटला चाचणीतून काढायचं आणि ठाऊक असलेलं औषध सुरू करायचं. मी तसं सांगितलं तर ते खवळले. "मी निघणार नाई. मी निघालो की हे समजतीन, डॉक्टरनं आपली सोय पाहून घेतली अन आमाले पिठावर ठेवलं. एकेक करून सगळे निघून जातीन. तुही परीक्षा जाईन. येडी आहे का?"

"आणि तुम्ही गेलात तर?"

"कोन चाललं? फुलावानी हलकं आहे डोकं."

त्यांचे डोळे लाल झाले होते. बोलताना ते टेबलाची कड धरून उभे होते. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की काय करावं सुचेना. हा माणूस माझ्या परीक्षेसाठी मेंदूतली नस फोडून घेणार होता! संध्याकाळी मी सरळ देवळात गेले. भजन चालू होतं, मी टाळ थांबवायला लावले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. "तुमच्या डॉक्टरांचं प्रेशर फार वाढलंय. मी त्यांना उद्यापासून चाचणीतून काढणार आहे. ते नाही म्हणतात, कारण त्यांना वाटतं तुम्ही सगळे सोडून जाल. ज्यांना जायचं त्यांनी जावं, मी काही म्हणणार नाही. पण त्यांना मी ठेवणार नाही."

म्हणताना सावनेरची जीप मला डोळ्यांसमोर दिसत होती.

मारोतराव पेटीचा भाता बंद करत म्हणाले, "आमी काहून जाऊ? आमी आमची गोळी खाऊ. तो बुढा कुठं आहे, ते सांगा."

पुढचं आधीच सांगून टाकते. एकही जण गेला नाही. शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येकजण आपापली शिशी घेऊन येत राहिला, ज्याला औषध तो औषधाची आणि ज्याला पीठ तो पिठाची. गोळी बरी निघाली, फार चमत्कारी नाही. प्रबंध झाला, मी पास झाले, आणि सावनेरचं स्थळ माझ्या मावसबहिणीला लाभलं. ती तिथं सुखात आहे. पण मला हे सगळं फारसं आठवत नाही. आठवते ती देवळातल्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

सगळं भजनी मंडळ दवाखान्यात येऊन बसलं होतं. बाक भरले, पायऱ्या भरल्या. डॉक्टर बाहेर आले आणि ओरडले, "काय आहे? कोन मेलं?"

"अजून नाई," वत्सलाबाई म्हणाली. "बसा."

त्यांना त्यांच्याच पेशंटच्या खुर्चीत बसवलं. मारोतरावांनी पाण्याचा पेला भरला. मी हॉस्पिटलातून आणलेल्या जुन्या, रोजच्या वापरातल्या औषधाची एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. तीही पांढरी, तीही गोल.

इतक्या लोकांना हसत हसत "अर्ध्यायले पीठ" म्हणून सांगणारा तो माणूस त्या गोळीकडे नुसता बघत राहिला. मग त्यांनी मान वर केली. असा घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी मला विचारलं,

"ही खरी आहे ना वं, पोरी?"

"खरी आहे, साहेब."

"पक्की?"

"पक्की."

त्यांनी माझ्याकडे आणखी एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि गोळी गिळली.